सपोर्ट पर्सन म्हणून नाव लागलं, आता शिकायचं काय?

प्रश्न एका नव्या कार्यकर्तीचा आहे. मराठवाड्यात राहतात, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेलं आहे, आणि पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालच्या, प्रकरणांसाठी सपोर्ट पर्सन (केस चालू असताना मुलाला आणि घरच्यांना साथ देणारी व्यक्ती) म्हणून जिल्ह्याच्या पॅनेलवर त्यांचं नाव आलं आहे. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्यात कायद्याची कलमं पडद्यावर दाखवून वाचून घेतली. पहिल्याच केसमध्ये मुलीच्या आईने विचारलं, ‘ताई, आता पुढं काय काय होणार?’ आणि यांना धड सांगता आलं नाही. म्हणून त्या विचारतात: समुपदेशनाचा डिप्लोमा करू की एलएलबीला प्रवेश घेऊ? आणि रात्री झोप लागत नाही, त्याचं काय करू?

दोन्ही कोर्स चांगले आहेत, पण आत्ता दोन्ही नकोत. त्या आईने जो प्रश्न विचारला, तोच तुमचा पहिला अभ्यासक्रम आहे. गुन्हा होतो तेव्हा त्या मुलीच्या हातात काहीच नसतं. त्यानंतर पोलीस ठाणं, सरकारी दवाखाना, बाल कल्याण समिती, कोर्ट अशी रांग लागते आणि प्रत्येक ठिकाणी नवा माणूस नवा प्रश्न घेऊन समोर येतो. यातली एकही गोष्ट तिच्यावर अचानक येऊन पडू नये, पुढचं पाऊल तिला आणि घरच्यांना आदल्या दिवशीच माहीत असावं, हे तुमचं काम. इतकी वर्षं हे काम करताना आणि नव्या मुलींना शिकवताना मी प्रत्येक प्रशिक्षण याच कसोटीवर तपासत आले आहे.

आधी पात्रतेचं सांगते, कारण त्यावरून गोंधळ असतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०२३ च्या आदेशात सपोर्ट पर्सनसाठी किमान पात्रता स्पष्ट केली: समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा बालविकास यांतली पदव्युत्तर पदवी, नाहीतर पदवी आणि मुलांचं शिक्षण, विकास किंवा संरक्षण या क्षेत्रातला किमान तीन वर्षांचा अनुभव. म्हणजे कागदावर तुम्ही पूर्ण पात्र आहात. एमएसडब्ल्यूने तुम्हाला माणसाशी बोलायला, घरभेट करायला, नोंदी ठेवायला शिकवलं. फौजदारी प्रक्रिया मात्र बहुतेक कॉलेजांत एखाद्या पेपरात उरकली जाते, आणि तुमचं पुढचं सगळं काम त्या प्रक्रियेच्या पोटातच चालणार आहे.

महाराष्ट्रात हे काम लोक शिकले ते जागेवर बसून. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या आवारातच टेबल-खुर्ची टाकून बसू लागल्या. ठाणे अंमलदार फिर्याद कशी लिहून घेतो, कुठे टाळाटाळ होते, कोणत्या साहेबांशी कधी बोलावं, हे त्यांना रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. पुढे राज्य सरकारने हे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. दवाखान्यांतही तसंच झालं. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून ‘दिलासा’ केंद्र उभं केलं आणि तिथल्या परिचारिका-डॉक्टरांनाच या कामाचं प्रशिक्षण दिलं. तुमच्या जिल्ह्यातही विशेष कक्ष, पोलिसांचा भरोसा सेल किंवा पीडित महिलांसाठीचं सखी वन स्टॉप सेंटर असेल. तिथल्या सर्वांत जुन्या कार्यकर्तीला गाठा आणि तीन महिने तिच्या मागे मागे फिरा. याचं प्रमाणपत्र मिळणार नाही, पण पुढे प्रत्येक केसमध्ये उपयोगी पडेल ते इथेच मिळेल.

त्या तीन महिन्यांत काय शिकायचं? सुरुवात वेळापत्रकापासून. निकाल लागलेल्या एखाद्या केसचे कागद नाव-गाव झाकून मिळवा आणि एका मोठ्या कागदावर पहिल्या दिवसापासून निकालापर्यंत सगळं मांडा: कोण, कुठे, काय विचारणार, सोबत कोण असणार. गुन्हा दाखल झाल्यापासून २४ तासांत पोलिसांनी बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा, शक्यतो फौजदारापेक्षा खालच्या दर्जाच्या नसलेल्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरने करायची. मग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जबाब. तपास दोन महिन्यांत संपवायचा आणि तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत पीडितेला कळवायची, असं नवी नागरिक सुरक्षा संहिता सांगते. न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलीची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात खटला पूर्ण, असं पोक्सोचं कलम ३५ म्हणतं. प्रत्यक्षात साक्षीलाच कितीतरी उशीर होतो, आणि हेही त्या आईला पहिल्याच भेटीत सांगायला हवं. खोटी आशा दाखवली तर तिसऱ्या तारखेला ती यायची बंद होते.

इथे कलमांच्या आकड्यांचा एक घोळ आहे. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले: दंडविधानाच्या जागी न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढच्या जबाबाला पूर्वी १६४ म्हणत ते आता १८३, १५४ ची एफआयआर आता १७३, भरपाईचं ३५७-अ आता ३९६. पण कोर्टाच्या व्हरांड्यात अजून सगळे ‘एकशेचौसष्टचा जबाब’ असंच म्हणतात, आणि त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनंच दंडविधान लागू आहे. तेव्हा दोन्ही आकडे माहीत असू द्या. पाठ करत बसू नका, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

यानंतरचं शिक्षण जास्त अवघड आहे: ऐकणं आणि न विचारणं. घटनेचा तपशील विचारणं तुमचं काम नाही. तो जबाब पोलीस घेतील, न्यायदंडाधिकारी घेतील, डॉक्टरही काही विचारतील. चौथ्यांदा तुम्ही विचारलंत तर मुलीला पुन्हा त्यातून जावं लागतं, आणि शब्दांत जो फरक पडेल तो उलटतपासात आरोपीचा वकील वापरतो. ती स्वतःहून सांगू लागली तर मात्र थांबवायचं नाही. ‘हं’, ‘मग काय झालं?’ एवढंच. ‘त्याने इथे हात लावला का?’ असा प्रश्न चुकूनही नको, कारण उत्तर तुम्हीच तिच्या तोंडात घातलं असं होतं. ती ‘शूची जागा’ म्हणाली तर वहीत ‘शूची जागा’च लिहा, शास्त्रीय शब्द घालू नका. तारीख, वेळ, सोबत कोण होतं, बस. आणि तिने घटना पहिल्यांदा तुम्हालाच सांगितली असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावणं येऊ शकतं, हे लक्षात ठेवून नोंद करा.

मुलं ठरावीक पद्धतीने दुःख दाखवत नाहीत. कुणी हसत सांगतं, कुणी मध्येच उठून खेळायला जातं, कुणी तारीख-वार चुकवतं पण भिंतीवरचं कॅलेंडर कुठल्या देवाचं होतं ते बरोबर सांगतं. ‘ही तर रडतही नाही’ असं ठाण्यात कुणी म्हणालं, तर धक्क्यानंतर मूल असंही वागतं हे शांतपणे समजावून सांगता आलं पाहिजे. समुपदेशनाच्या कोर्समधला हा भाग खरोखर उपयोगी आहे, म्हणून तो डिप्लोमा वर्षभराने जरूर करा. तेव्हा तुमच्यापाशी विचारायला स्वतःचे प्रश्न असतील.

गुप्ततेबद्दल मी फार कडक आहे. पोक्सोचं कलम २३ आणि न्याय संहितेचं कलम ७२ पीडितेची ओळख उघड करायला मनाई करतात. निपुण सक्सेना प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नाव न देताही ओळख पटेल असा तपशील चालत नाही. छोट्या गावात शाळेचं नाव आणि इयत्ता सांगितली की मुलगी कोण ते सगळ्यांना कळतं. आणि तरी आपल्याच क्षेत्रातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एफआयआरच्या पानाचा फोटो ‘मार्गदर्शन हवंय’ म्हणून फिरतो. हे कुणीही, कितीही चांगल्या हेतूने केलं तरी थांबवा. केसला नाव न देता सांकेतिक क्रमांक द्या आणि वही कुलपात ठेवा.

दवाखान्यातल्या पहिल्या काही तासांचं ज्ञान एका दिवसाच्या प्रशिक्षणात नीट मिळू शकतं, पण ते डॉक्टर आणि परिचारिकेकडून घ्या. तपासणीआधी आंघोळ केली नसेल तर बरं, पण केली असली तरी तपासणी व्हायलाच हवी. त्या वेळचे कपडे कागदाच्या पिशवीत ठेवायचे. प्लास्टिकमध्ये दमटपणाने बुरशी येते आणि पुरावा खराब होतो. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात. गर्भधारणा टाळण्याची गोळी आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी बरी, ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक दवाखान्याने उपचार मोफत द्यायचे असतात. बोटं घालून कौमार्य तपासणारी दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणं म्हणजे गैरवर्तन ठरेल असं बजावलं. फॉर्मवर तो रकाना दिसला तर बोला. गर्भ राहिला असेल तर दिवस मोजायला घ्या: २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा मार्ग वेगळा, त्यानंतर वैद्यकीय मंडळ आणि बहुधा उच्च न्यायालय. इथे एक आठवडा वाया गेला तर तो भरून काढता येत नाही.

आता कोर्ट. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत सर्वांत कमी वेळ ज्याला दिला जातो आणि मुलीला ज्याची सर्वांत जास्त भीती असते, ते हेच. साक्षीच्या आठवडाभर आधी, कामकाज नसताना, सरकारी वकिलांना आणि शिरस्तेदारांना (कोर्टाच्या वरिष्ठ लिपिकांना) सांगून मुलीला कोर्ट दाखवून आणा. न्यायाधीश कुठे बसतात, ती कुठे बसणार, टायपिस्ट का टाइप करत राहतो, पाणी कुठे, बाथरूम कुठे. पोक्सो कोर्टात दोन्ही बाजूंचे वकील प्रश्न न्यायाधीशांना देतात आणि न्यायाधीश मुलीला विचारतात, हे तिला सांगा. मध्ये थांबायचं असेल तर थांबता येतं. ‘माहीत नाही’, ‘आठवत नाही’, ‘प्रश्न कळला नाही’ ही तीनही उत्तरं चालतात, आणि त्यांचा सराव जरूर करून घ्या. सरावाला घटनेचे प्रश्न कधीच घेऊ नका. ‘काल शाळेत डब्यात काय होतं, तिसरा घास कसला घेतलास?’ असे घ्या. मुलगी ‘आठवत नाही’ म्हणाली की शाबासकी द्या.

एका मुलीला मी असं कोर्ट दाखवत होते. तिने बाकी काही विचारलं नाही, फक्त पडद्याकडे बघून म्हणाली, ‘त्याला माझे पाय दिसतील का?’ आम्ही दोघी जमिनीवर वाकून पाहिलं. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. आरोपी बसतो त्या बाकावर मी बसले, ती पडद्यामागे उभी राहिली: तिच्या चपला स्पष्ट दिसत होत्या. शिरस्तेदारांना सांगितलं, त्यांनी साक्षीच्या दिवशी पडद्याच्या खाली जाड चादर लावून घेतली. मुलगी आत आली, आधी खाली बघितलं आणि मगच खुर्चीत बसली. कलम ३६ म्हणतं की साक्ष देताना मूल आरोपीसमोर येऊ नये. त्या कलमाचा अर्थ त्या चादरीपर्यंत जाऊन बघायचा असतो, आणि तो बघणारं माणूस बहुतेक वेळा तुमच्याशिवाय दुसरं कुणी नसतं.

उलटतपासात एक प्रश्न जवळजवळ ठरलेला: ‘तुला कुणी शिकवून आणलंय ना?’ मुलं इथे घाबरतात, कारण तुम्ही त्यांना भेटलेल्या असता आणि ते सांगायचं की लपवायचं हे त्यांना कळत नाही. त्यांना आधीच सांगा, खरं तेच सांगायचं: ‘ताईंनी कोर्ट दाखवलं आणि खरं बोलायला सांगितलं.’ तुम्ही खरोखर तेवढंच केलेलं असेल तर या उत्तरापुढे वकिलाला फारसं काही उरत नाही. म्हणून घटनेची उजळणी करून घ्यायची नाही, हा नियम मोडायचा मोह कितीही झाला, आईने कितीही गळ घातली, तरी मोडू नका. जबाब वाचून आठवण करून द्यायची असेल तर ते काम सरकारी वकिलांचं.

तारखेच्या दिवशी व्हरांडा सांभाळणं हे वेगळंच कौशल्य आहे. आरोपीचे नातेवाईक तिथेच उभे असतात, बघतात, खाकरतात. पैरवी अंमलदाराचा (कोर्टातलं काम बघणाऱ्या पोलिसाचा) फोन नंबर घेऊन ठेवा, बोर्डावर केस कितवी आहे ते त्याला विचारा आणि तोवर मुलीला दुसरीकडे बसवा. स्मृती बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर मुलांसारख्या असुरक्षित साक्षीदारांसाठी साक्ष केंद्रं उभारायचे निर्देश दिले. तुमच्या जिल्ह्यात केंद्र असेल तर ते वापरलं जातंय का बघा, आणि खोलीला कुलूप असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. ‘आज साहेब रजेवर’ हे वाक्यही मुलीला आधीच माहीत असू द्या. तयारी करून आलेली मुलगी साक्ष न देता परत जाते, तो दिवस तिच्यासाठी साक्षीइतकाच जड असतो.

पैशांच्या बाबतीत थोडक्यात. पीडितांना आर्थिक मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, आता विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते. प्रकरणानुसार दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते, आणि त्यासाठी आरोपीला शिक्षा होण्याची वाट बघावी लागत नाही. मंजूर रकमेचा बराचसा भाग मुदतठेवीत ठेवला जातो, हे घरच्यांना आधी सांगा, म्हणजे नंतर गैरसमज होत नाहीत. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या खर्चासाठी बाल कल्याण समिती वेगळी मदत सुचवू शकते आणि ती आठवड्याभरात द्यायची असते. ही तरतूद फार कमी वापरली जाते, मागा.

मराठवाड्यात काम करताना अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा पोक्सोइतकाच पाठ हवा. मुलगी अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल आणि आरोपी तसा नसेल, तर एफआयआरमध्ये ती कलमं लागली आहेत का ते पहिल्या दिवशी बघा. २०१५ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १५-अ पीडितेला जामीन अर्जासह प्रत्येक कामकाजाची सूचना मिळण्याचा आणि म्हणणं मांडण्याचा हक्क देतं. या कायद्याखाली मदत टप्प्याटप्प्याने मिळते आणि ती समाजकल्याण कार्यालयातून येते, म्हणजे आणखी एका टेबलाशी ओळख करून घ्यायला हवी. मुलगी पारधी वस्तीवरची किंवा तांड्यावरची असेल आणि तिला मराठी नीट येत नसेल तर कलम ३८ खाली दुभाषा मागता येतो. शेजारच्या बाईला बसवून वेळ मारून नेऊ देऊ नका. ती कुणाच्या नात्यातली आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

कारण खरा दबाव नात्यांतूनच येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत वर्षानुवर्षं बलात्काराच्या बहुतांश प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचाच असतो. ऊसतोडीला कुटुंब बाहेर गेलेलं, आरोपी चुलता, घर चालवणारी आजी त्याच्याकडची, अशा घरात आई फितूर झाली म्हणून तिच्यावर चिडून काय होणार? कुणाच्या पैशांवर घर चालतं, मुकादमाची उचल किती आहे, भाऊबंदकीत शेत कुणाच्या नावावर आहे, हे तुम्हाला घरभेटीत कळलं असतं तर आधीच काही करता आलं असतं. धमकी आली तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो, तो जिल्हा न्यायाधीशांच्या समितीपुढे जातो. अर्जाचा नमुना आजच भरून बघा, गरज पडेल तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो.

आणि झोप. पहिल्या काही केसेसनंतर झोप उडणं हे या कामात जवळजवळ सगळ्यांना होतं. तो तुमचा कमकुवतपणा नाही आणि एकटीने सोसायची गोष्टही नाही. दर आठवड्याला एका अनुभवी व्यक्तीबरोबर केसवर चर्चा हा कामाचाच भाग आहे, जशी तारखेला हजेरी तशीच. जिल्ह्यात तसं कुणी नसेल तर टाटा संस्था, निर्मला निकेतन किंवा पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था इथल्या शिक्षकांना फोनवर दर पंधरा दिवसांनी एक तास मागा. बंगळुरूची मानसिक आरोग्य संस्था निम्हान्सही मुलांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणांत काम करणाऱ्यांसाठी प्रशिक्षणं घेतं, त्यांच्यावर लक्ष ठेवा. महिनाभरानंतरही झोप परत आली नाही, किंवा घरच्या मुलाला शेजारी पाठवायचीही भीती वाटू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

मानधनाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगणार. २०२० च्या पोक्सो नियमांनुसार सपोर्ट पर्सनचा मोबदला कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी असता कामा नये. ‘समाजसेवा आहे ना ताई’ म्हणून कुणी बिल अडवलं तर या नियमाचा उल्लेख करून जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी मागणी करा आणि पोच घ्या. पोटाला चिमटा काढून केलेलं हे काम दोन वर्षांत सुटतं, आणि खटला चालतो त्याहून जास्त. मधेच सपोर्ट पर्सन बदलली की मुलीला नव्या माणसापुढे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

एलएलबीचं दोन वर्षांनी ठरवा. कोर्टात पाय रमला तर कराच, पीडितांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या वकिलांची जिल्ह्यांत फार गरज आहे. तूर्तास सत्र न्यायालयात एखाद्या पोक्सो प्रकरणाची तारीख असेल त्या दिवशी जा. सुनावणी बंद दाराआड असते, तेव्हा तुम्ही बाहेरच थांबाल, आणि तुम्हाला बघायचं आहे ते बाहेरच आहे: मुलगी कुठून आली, कुठे बसली, किती वेळ, तिच्याशी कोण कोण बोललं. हे लिहून आणा आणि त्या जुन्या कार्यकर्तीला दाखवा. मग आईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एका पानावर, तिच्या बोलीत, लिहायला घ्या. पुढच्या भेटीत ते पान तिच्या हातात द्या. तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, आणि तिने काय काय पुन्हा विचारलं ते पानाच्या मागे टिपून ठेवा.